तेरा हजार विहिरी आणि एक दाणा

१,४६,३२,९१,१८६.

मोठ्याने वाचा. एकशे सेहेचाळीस कोटी बत्तीस लाख एक्क्याण्णव हजार एकशे शहाऐंशी. ओळखा पाहू, कशाचा आकडा? देशाची लोकसंख्या म्हणाल तर नेम थोडक्यात हुकला. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२५ साठी भारताची लोकसंख्या १४६ कोटी ३९ लाख धरली आहे. फरक सहा-सात लाखांचा, म्हणजे एखाद्या मध्यम शहराएवढा. पण आपला आकडा माणसांचा नाहीच, ओळींचा आहे. डेबियन नावाची एक फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची १३ क्रमांकाची आवृत्ती आली. तिच्यात ६९,८३० पॅकेजेस, आणि त्या सगळ्यांचा मूळ मजकूर, ज्याला प्रोग्रॅमर मंडळी सोर्स कोड म्हणतात, तो भरला एवढ्या ओळी. काल जन्मलेल्या बाळापासून नव्वदीच्या पणजीपर्यंत, माणशी एक ओळ!

आणि हा सगळा मजकूर उघडा. ओपन सोर्स म्हणतात ते यालाच. कुलूप नाही, पहारा नाही. कोणीही यावं, वाचावं, नक्कल करून न्यावी, चूक सापडली तर सांगावी.

वाचावं म्हणे! बसा बरं वाचायला. सेकंदाला एक ओळ असा झपाटा धरू. नुसती नजर फिरवायची, समजलं-बिमजलं पाहिजे अशी अट नाही. झोप नाही, जेवण नाही, गणपतीची सुट्टी नाही. ४६ वर्षं लागतील! माणसासारखं दिवसाला आठ तास वाचायचं म्हटलं तर १३९ वर्षं. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली सुरू झालं. त्याच्या पहिल्या तुकडीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी हे वाचन हाती घेतलं असतं आणि एकही रविवार चुकवला नसता, तर तो २०२५ साली कुठे शेवटच्या पानाला लागला असता.

पान म्हटलंच आहे तर छापूनही बघू. पानाला ५० ओळी बसवल्या तर २ कोटी ९३ लाख पानं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने रुपयाला पान दिलं तरी बिल २ कोटी ९३ लाख रुपये. पाठपोट छापून काटकसर केली तर कागद लागतील १ कोटी ४६ लाख. ते एकावर एक रचले की गठ्ठ्याची उंची साधारण १,४६० मीटर. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर! अख्ख्या तोरण्यापेक्षा उंच, आणि वर आणखी सतरा-अठरा मजली इमारत उरते, तीही कागदाची.

दम लागला? अजून पायथ्यालाच आहोत.

या कागदी गडाच्या पोटात लिनक्स कर्नल नावाचा एक ऐवज आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही हाच बसलेला आहे. १९९१ च्या सप्टेंबरात हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, तेव्हा तिच्यात १०,२३९ ओळी होत्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर, म्हणजे साधारण तेवढाच पसारा. महिनाभर आधी त्याने जाहीर केलं होतं की हा आपला फावल्या वेळचा छंद आहे, फार मोठं वगैरे काही होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये या छंदाने ४ कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. तेहतीस वर्षांची सरासरी काढली तर रोज ३,३०० ओळींची निव्वळ भर. दर तीन दिवसांना एक ज्ञानेश्वरीभर! (तुलना नगांची आहे, गुणांची नव्हे. आळंदीकरांनी रागावू नये.)

आता खऱ्या मोठ्या वाड्यात शिरू. त्याचं नाव गिटहब. २००८ साली सुरू झालेलं हे जगातलं सगळ्यात गजबजलेलं कोडचं कोठार. २०२५ मध्ये तिथे १८ कोटी प्रोग्रॅमरांची खाती होती. भारतातून त्या एका वर्षात ५० लाखांहून जास्त नवे लोक आले, म्हणजे दिवसाला पावणेचौदा हजार. पश्चिम रेल्वेच्या खच्चून भरलेल्या तीनेक बारा-डबा लोकल रोज दारात येऊन रिकाम्या व्हाव्यात, आणि उतरलेल्या प्रत्येकाने म्हणावं, मी कोड लिहायला आलोय!

गिटहबने आपलं नवं शोधयंत्र बांधलं. त्याचं नाव ब्लॅकबर्ड. २०२३ च्या सुरुवातीला त्यांच्या इंजिनिअरांनी आकडे उघड केले. शोधाच्या कक्षेत प्रकल्प ४ कोटी ५० लाख. फायली १,५५० कोटी. पृथ्वीवरच्या दर माणशी जवळजवळ दोन फायली. एकूण मजकूर ११५ टेराबाइट.

टेराबाइट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुकानातली तळहाताएवढी हार्ड डिस्क येते आणि आकडा मनातल्या मनात बारीक होऊन जातो. म्हणून टेराबाइट बाजूला ठेवू, अक्षरांत बोलू. ११५ टेराबाइट म्हणजे ढोबळमानाने ११५ लाख कोटी अक्षरं. लाख कोटी, तेही एकशे पंधरा!

अक्षराला एक पैसा असा भाव लावा. तोच पैसा, जो आता रस्त्यात पडलेला दिसला तरी कोणी वाकत नाही. रक्कम होते १ लाख १५ हजार कोटी रुपये. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा सुरुवातीचा अंदाजी खर्च १ लाख ८ हजार कोटी होता. म्हणजे पैशाला अक्षर या दराने अख्खी बुलेट ट्रेन येते आणि वर सात हजार कोटींची मोड हातात राहते.

भाव नको, अंतर घ्या. प्रत्येक अक्षर दोन मिलिमीटर रुंद छापलं आणि सगळी अक्षरं एकाच ओळीत मांडली, तर ओळ २३ कोटी किलोमीटर लांब. मुंबई ते पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन रोज सकाळी पुण्याहून सुटते, संध्याकाळी मुंबईहून परत फिरते, म्हणजे दिवसाला ३८४ किलोमीटर. या ओळीचं शेवटचं अक्षर गाठायला तिला १,६४० वर्षं लागतील! १ जून १९३० ला ती सुरू झाली, तिची अजून शंभरीही भरलेली नाही. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर. आपली ओळ सूर्याला जाऊन टेकते, वळते, आणि निम्म्याहून जास्त वाट परतही येते.

पानं करा. ५,७५० कोटी पानं, म्हणजे १४६ कोटी भारतीयांना वाटली तर प्रत्येकाच्या हातात जवळजवळ चाळीस पानी वही. पाठपोट छापून गठ्ठा केला तर उंची २,८७५ किलोमीटर. आता तोरणा विसरा, एव्हरेस्टही विसरा. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. देश आडवा आहे, हा गठ्ठा उभा, एवढाच काय तो फरक.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी. एक अक्षर म्हणजे ज्वारीचा एक दाणा. दाणे ओतायला विहिरी घेऊ, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल, काठोकाठ भरलेल्या. किती विहिरी लागतील? तेरा हजार! मुंबईपासून पुण्यापर्यंत रुळाच्या कडेने दर पंधरा मीटरवर एक विहीर खणत चला. कुर्ल्याला, कल्याणला, कर्जतला, बोरघाटाच्या कड्यांवर, लोणावळ्याच्या धुक्यात, खडकीच्या अलीकडे-पलीकडे. तुम्ही खिडकीत बसलाय आणि चार तास खिडकीबाहेर फक्त विहिरी पळतायत. एवढी ज्वारी वाहून आणायला साडेतीन हजार टनांच्या जवळजवळ हजार मालगाड्या लागतील.

आता यातून एक दाणा काढून दाखवा.

हा दाणा शोधायची वेळ येते का? येते. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार. त्या दिवशी जगभरच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा शनिवार-रविवार बुडाला. लॉगफोरजे नावाचा एक लहानसा तुकडा आहे. प्रोग्रॅमने दिवसभर काय काय केलं त्याची रोजनिशी लिहिणं, एवढंच त्याचं काम. पण रोजनिशीत आलेला मजकूर तो निमूट उतरवून घेत नव्हता. मजकुरात एक ठरावीक खूण दिसली की तो ती हुकूम समजायचा आणि बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरकडे धाव घेऊन तिकडून येईल ते चालवायचा. म्हणजे एखाद्या लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी ती खूण टाकली की समोरच्या यंत्राचा ताबा मिळण्याची सोय! ही फट २०१३ पासून होती. आठ वर्षं उघड्यावर पडून, कोणालाही वाचता येईल अशा जागी, आणि कोणी वाचली नाही. का वाचली नसेल, ते मघाच्या विहिरी पाहिल्यावर वेगळं सांगायला नको.

मग प्रश्न उभा राहिला, हा तुकडा आपल्याकडे कुठे कुठे आहे? गूगलच्या लोकांनी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मुख्य कोठारात मोजणी केली. ३५,००० हून जास्त पॅकेजेसना बाधा. दर बारा-तेरा पॅकेजेसमागे एक. आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिकांनी तो तुकडा स्वतः घेतलेलाच नव्हता. त्यांनी दुसऱ्याचं काही घेतलं, त्या दुसऱ्याने तिसऱ्याचं, आणि त्या तिसऱ्याच्या पिशवीत हा निघाला. आपण वडापाव घेतला, पाव बेकरीचा, बेकरीचा मैदा गिरणीचा, आणि खडा निघाला गिरणीत.

म्हणून शोधायचं. पण कसं?

सरळ मार्ग म्हणजे पहिल्या विहिरीपासून दाणा दाणा तपासत जायचं. या कामाला रिपग्रेप नावाचं एक झपाटलेलं हत्यार आहे. संगणकाचा एकच कोअर, म्हणजे एकच गणिती मेंदू, दिला तरी ते सेकंदाला ६० कोटी अक्षरं चाळतं. आपल्या भाषेत, एका माणसाने एका सेकंदात साधारण चोवीस हजार लिटर ज्वारी पाखडली, म्हणजे टाटाचा दूधवाहू टँकर दोनदा रिकामा केला! तरी एकट्या कोअरला सगळ्या विहिरी उपसायला दोन दिवस आणि वर पाच तास लागतात. गिटहबवाल्यांनी हिशेब केला की समजा ६४ कोअरची ३२ यंत्रं जुंपली. एकूण कोअर २,०४८. समजा सगळा मजकूर मेमरीत मावला. समजा कामाची वाटणी बिनचूक झाली. तरी एका प्रश्नाचं उत्तर यायला ९६ सेकंद, आणि तेवढा वेळ ती सगळी यंत्रं त्या एकाच प्रश्नात अडकलेली. बाकीच्यांनी रांग लावायची.

९६ सेकंद ऐकायला बरे वाटतात. रांग बघा. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागिले ९६. दिवसाला बरोबर ९०० प्रश्न! खाती १८ कोटी. प्रत्येकाने आयुष्यात एकच प्रश्न विचारला, एकच, तरी रांगेतल्या शेवटच्या माणसाचा नंबर यायला ५४७ वर्षं. शिवरायांच्या जन्माला अजून ४०० वर्षं पूर्ण व्हायची आहेत. रिझर्व्हेशनच्या खिडकीवर घालवलेल्या सगळ्या उन्हाळी सकाळी मला इथे एकदम क्षुल्लक वाटायला लागतात.

तोड निघाली ती जुनीच, पुस्तकाच्या मागे असते त्या सूचीची. फक्त इथे शब्दांची सूची चालत नाही, कारण कोडमध्ये लोक अर्धे शब्द, कंस, अर्धविराम, काहीही शोधतात. म्हणून तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांची सूची. २००६ च्या उन्हाळ्यात रस कॉक्स नावाचा तरुण गूगलमध्ये उमेदवारी करत होता. त्याने या पद्धतीवर गूगलचा कोडशोध उभा केला. तो ऑक्टोबर २००६ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये बंद पडला. बंद पडल्यावर कॉक्सने सगळी युक्ती लिहून मोकळी केली. हा मला त्या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

युक्ती जवळून बघू. इंग्रजी लिपीतलं 'मुंबई' शोधायचंय. सहा अक्षरं. त्याचे तुकडे पाडा: एम-यू-एम, यू-एम-बी, एम-बी-ए, बी-ए-आय. प्रत्येक तुकड्यासमोर आधीच एक यादी तयार आहे, हा तुकडा कोणकोणत्या फायलींत आहे त्याची. पहिल्या यादीत समजा लाखो फायली. दुसरीतही लाखो. पण दोन्हींत असलेल्या? एकदम कमी. तिसरी यादी लावली, आणखी गळती. चौथी लावली की हातात उरतात मोजक्या फायली, आणि फक्त त्याच उघडून बघायच्या. तेरा हजार विहिरींपैकी एकही उपसली नाही. नुसत्या याद्या एकमेकींवर ठेवल्या आणि सरळ दाण्यावर बोट! एका तुकड्यात तीन बाइट, आणि असे तुकडे होऊन होऊन होणार किती? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. एवढ्याच याद्या, आणि त्यांच्या मुठीत ११५ लाख कोटी अक्षरं. कॉक्सने तेव्हाच्या लिनक्स कर्नलवर प्रयोग केला, तर ४२० मेगाबाइट मजकुराची सूची जेमतेम ७७ मेगाबाइटची झाली. ब्लॅकबर्डला मात्र तीन अक्षरांचे तुकडे पुरले नाहीत. काही तुकडे इतके सर्रास येतात की त्यांची यादी असून नसल्यासारखी. म्हणून तिथे तुकडे कमी-जास्त लांबीचे पाडतात. ते कुठे तोडायचे हे कसं ठरवतात, ते इंजिनिअर मंडळींवर सोडू आणि आपण आकड्यांकडे वळू.

कारण आकडे आता उड्या मारायला लागतात. सूची बनवताना ब्लॅकबर्ड सेकंदाला १ लाख २० हजार फायली गिळतो. मुंबईच्या लोकलने दिवसाला सुमारे ७५ लाख लोक जातात. त्यांना या वेगाने फाटकातून सोडलं असतं तर चर्चगेटपासून कसाऱ्यापर्यंतचा सगळा दिवस एका मिनिटात उरकला असता. १,५५० कोटी फायली ३६ तासांत. त्यातही कळलं की बऱ्याच फायली एकमेकींच्या सख्ख्या जुळ्या आहेत, तेव्हा जुळ्यांना एकदाच मोजायचं ठरलं आणि काम १८ तासांवर आलं. जुळ्या काढून टाकल्यावर ११५ टेराबाइटमधले अस्सल किती उरले, माहीत आहे? २८! शंभरातली शहात्तर अक्षरं नक्कल. परीक्षेत हे प्रमाण निघालं असतं तर बोर्डाने केंद्र बंद केलं असतं. इथे मात्र नक्कल हा प्रत्येकाचा हक्क आहे. आणि सगळी सूची, अस्सल मजकुराच्या दाबून बसवलेल्या प्रतीसकट, मावली २५ टेराबाइटमध्ये.

आणि उत्तर? एका प्रश्नाला यंत्राचा कोअर अडकतो साधारण सेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढ्या वेळात प्रकाश मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत येतो आणि थोडी उसंत घेतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागू शकतो. ६४ कोअरचं यंत्र, म्हणजे सेकंदाला वरच्या मर्यादेला ६४० प्रश्न. दिवसाला ९०० कुठे आणि सेकंदाला ६४० कुठे! ती ५४७ वर्षांची रांग सव्वातीन दिवसांत संपते. शुक्रवारी सकाळी उभे राहा, सोमवारी दुपारपर्यंत अठरा कोटी लोक घरी.

एवढं सगळं उपसून सापडतं काय? माझ्या मते हत्याराची खरी मजा कोडमध्ये नाही, कॉमेंटमध्ये आहे. कॉमेंट म्हणजे कोडच्या शेजारी माणसाने माणसासाठी लिहिलेली ओळ. यंत्र ती वाचतच नाही, ओलांडून पुढे जातं. शोधयंत्र मात्र तिलाही सोडत नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो ११ चा कोड आज कोणालाही वाचता येतो. यान उतरवण्याच्या भागात दोन ओळींसमोर कोणीतरी लिहून ठेवलंय, 'हे तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा आहे.' त्या तात्पुरत्या ओळी ३ लाख ८४ हजार किलोमीटर जाऊन चंद्रावर उतरल्या. १९७५ च्या युनिक्स या संगणकप्रणालीत एका अवघड वळणावर कॉमेंट आहे, 'हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही.' युनिक्सच्या कर्त्यांपैकी डेनिस रिची यांनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं की खरी अडचण अशी होती, आम्हालाही ते नीट समजलं नव्हतं.

आणि आपल्या घरची एक. जगातल्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये घड्याळांच्या नियमांची एक यादी असते, कुठल्या गावात कधी किती वाजले ते ठरवणारी. तिच्या आशिया नावाच्या फायलीत भारताच्या नियमांपाशी कॉमेंट आहे. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या वेशीवर कापड गिरण्यांच्या काही हजार कामगारांनी दंगल केली, स्थानिक वेळ मोडून भारतीय प्रमाणवेळ लादण्याच्या विरोधात. वृत्तपत्रांनी त्याला घड्याळांची लढाई म्हटलं आणि ती जवळजवळ अर्धं शतक चालली. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, देशाची साडेपाच तास. ३९ मिनिटांचं भांडण! घड्याळ चालवायला या गोष्टीचा काडीचाही उपयोग नाही. तरी यादी सांभाळणाऱ्यांनी ती लिहून ठेवली, आणि हा मूळ मजकूर आज जगभर शोधता येतो.

हे सगळं टिकणार का? त्याचेही आकडे आहेत. २ फेब्रुवारी २०२० ला गिटहबने उघड्या कोडची एक मोठी प्रत काढली. २१ टेराबाइट, १८६ फिल्म-रिळांवर, आणि ती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या एका बंद कोळसा खाणीत हजार वर्षं टिकेल अशी ठेवून दिली. एकेक रीळ साडेतीन हजार फुटांचं. गुणाकार करा, १९८ किलोमीटर. फिल्मचं एक टोक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला बांधून उलगडत निघालात तर पुणे स्टेशन ओलांडून हडपसरच्या आसपास रीळ संपेल.

पॅरिसजवळ याहून हावरट मंडळी आहेत. फ्रान्सच्या इनरिया संस्थेने २०१६ मध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हा संग्रह सुरू केला, पुढे युनेस्कोचीही साथ मिळाली. जगातला जो सोर्स कोड उघडा सापडेल तो सगळा जमवायचा, एवढा साधा हेतू! जुळ्या काढूनही त्यांच्याकडे २,००० कोटींच्या वर फायली आहेत. प्रत्येक फाईल नुसती एक सेकंद दाखवायची तर ६३० वर्षं.

या दोन हजार कोटी बाळांची बारशी कशी झाली असतील? नाव ठेवत नाहीत, फाईलच्या मजकुरावरून गणित करून चाळीस अंक-अक्षरांचा ठसा काढतात. एक स्वल्पविराम हलला तर ठसा पार बदलतो. असे ठसे एकूण किती संभवतात? १४६ लिहा आणि पुढे ४६ शून्यं. लाख, कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, परार्ध, आपली सगळी आजोबांची उतरंड संपते आणि शून्यं उरतात. अख्खी पृथ्वी अणू-अणू सुटी केली, सह्याद्री, समुद्र, पोटातलं वितळलेलं लोखंड, सगळं, तर दर नव्वद अणूंमागे एक ठसा येईल! दोन वेगळ्या फायलींवर एकच ठसा पाडून दाखवायचा चंग काहींनी बांधला होता. २०१७ मध्ये तो जमला, पण तो गणिताचा फेरा त्यांना ९२ लाख लाख कोटी वेळा करावा लागला. लाख लाख कोटी. टायपाची चूक नाही.

एवढ्या पसाऱ्यात हात घालायला तुम्हाला काय लागतं? ब्राउझर. गिटहबच्या कोडशोधाला लॉगिन लागतं. डेबियनचा कोडशोध मायकेल श्टापेलबर्ग या जर्मन विद्यार्थ्याने २०१२ साली पदवीच्या प्रबंधासाठी बांधला. त्याला खातं लागत नाही, ओटीपी लागत नाही, पैसे पडत नाहीत. कोड लिहिता येत नसला तरी हरकत नाही. इंग्रजी अक्षरांत 'बॉम्बे' टाका आणि एंटर दाबून बघा.